एफडी मोडून तेजोमेघ टिपावा का?

प्रश्न (फोंडा): परसातून तेजोमेघांचे (आकाशातल्या वायू-धुळीच्या ढगांचे) फोटो काढायचे आहेत. इक्वेटोरियल माउंट (ताऱ्यांच्या गतीने दुर्बीण फिरवणारा स्टँड) ९५,०००, ८० मिमीची दुर्बीण ४५,०००, कूल्ड कॅमेरा (सेन्सर थंड ठेवणारा) ७०,००० असं कोटेशन आलंय. २,४०,००० ची एफडी मोडू का? घरखर्च ३८,०००, महिन्याला शिल्लक १२,०००. जुना डीएसएलआर आणि १३५ मिमीची लेन्स घरात आहे.

उत्तर: मोडू नका. मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक व्याजात अर्धा-एक टक्का कापेल, ते किरकोळ. पण ही एफडी म्हणजे तुमचा सहा महिन्यांचा घरखर्च. त्यातले २,१०,००० गेले की महिन्याभराचाही उरत नाही, आणि सगळी शिल्लक ओतली तरी खड्डा भरायला दीड वर्ष जाईल. ‘नो कॉस्ट ईएमआय’चा मोहही नको, प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी कुठे जात नाही.

त्यात आपला पाऊस. जून ते सप्टेंबर आकाश बंद, आणि धनू राशीतला एम ८ हा तेजोमेघ नेमका तेव्हाच रात्री वर असतो. चांदण्या रात्री वगळून, नोकरी सांभाळून वर्षाला २० रात्री मिळाल्या तरी पुष्कळ. पाच वर्षांच्या १०० रात्री धरा: रात्रीला २,१०० रुपये पडले.

येत्या डिसेंबरात मृगातला एम ४२ हा तेजोमेघ फुकटात टिपा. ट्रायपॉड, १३५ मिमी, एफ २.८, आयएसओ १६००, २ सेकंदांचे ३०० फोटो. याहून लांब एक्स्पोजर दिलं तर तारे लांबट होतात. दर पाच मिनिटांनी फ्रेम सरळ करा, शेवटी लेन्सला टोपी लावून त्याच सेटिंगचे २० डार्क (सेन्सरचा नॉईज वजा करायला लागणारे काळे फोटो) घ्या आणि सिरिल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सगळे एकावर एक रचा. लाल रंग फिकाच येईल. डीएसएलआरच्या सेन्सरवरचा फिल्टर तेजोमेघातल्या हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवतो.

चार रात्रींनंतरही हौस टिकली तर ८,००० ची आरडी उघडा. वर्षात माउंट येईल. आधी माउंटच, कारण डगमगत्या माउंटवर महागडी दुर्बीणही वाया. फोटोसाठी त्याच्या क्षमतेच्या निम्म्याच्या आसपासच वजन चढवा. दुर्बीण त्यानंतर सहा महिन्यांनी. टी-रिंग (कॅमेरा दुर्बिणीला जोडणारी कडी) लावली की तिला हाच डीएसएलआर बसतो, म्हणून ७०,००० तूर्त खोडा.

पैसे देण्यापूर्वी एकदा रात्री परसात उभे राहा. माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो, आणि गोव्यात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १५ अंशांवर असतो. उत्तरेला माड असतील तर तो दिसणार नाही आणि माउंट जुळवताना घाम निघेल. शिवाय ती जुनी लेन्स टॉर्चसमोर धरून बघा, आत बुरशीचे धागे दिसले तर पहिला खर्च तिच्या सफाईचा.