बेंचवरच्या सेटरनं कोच व्हावं का?

प्रश्न : भाऊ, मी नागपूरचा, कॉलेजच्या व्हॉलीबॉल टीममध्ये सेटर (स्मॅश मारणाऱ्याला बॉल उचलून देणारा) आहे, पण हाइट साडेपाच फूट म्हणून कायम बेंचवर. मित्र म्हणतात, खेळता येत नाही तर कोच हो. परवा मोबाइलवर इटलीची मॅच बघितली, त्यांचा कोच तर खेळाडूंच्या खांद्याला लागत होता. तो कधी खेळला तरी होता का?

उत्तर : खेळला होता का काय विचारतोस राजा! फेर्दिनांदो दे जॉर्जी, तिकडं लाडानं फेफे म्हणतात. जन्म १९६१चा, हाइट १७८ सेंटिमीटर म्हणजे जेमतेम पाच-दहा, आणि तुझ्यासारखाच सेटर. १९९०, १९९४ आणि १९९८ अशा लागोपाठ तीन वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकलेल्या इटलीच्या टीममध्ये हा होता. पण पहिल्या दोन वेळी मेन सेटर होता पाओलो तोफोली, त्यामुळं आपले फेफे बरेचदा बाहेरच बसून.

कोच झाल्यावर सगळं गोडगोडच झालं असं नाही हं. पोलंडमध्ये क्लबला लीग जिंकून दिली म्हणून त्यांनी नॅशनल टीम दिली, २०१७ला घरच्या युरोपियन चॅम्पियनशिपमध्ये स्लोव्हेनियाकडून ३-० हरले आणि ह्याला नारळ दिला. मग २०२१ला इटलीनं बोलावलं, ह्यानं पोरंपोरं घेऊन युरोपियन चॅम्पियनशिपच्या फायनलला त्याच स्लोव्हेनियाला ३-२ हरवलं, तेही पोलंडच्याच कातोवित्सेत. पुढच्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल पुन्हा त्याच गावात, समोर खुद्द पोलंड, आणि इटली ३-१. नारळ देणाऱ्यांची तोंडं बघायला मजा आली असती! पॅरिस ऑलिम्पिकला मात्र मेडल हुकलं, चौथे आले, पण २०२५ला परत वर्ल्ड चॅम्पियन.

आता तुझं. खेळता येत नाही म्हणून कोच, हे मित्रांचं गणित मला पटत नाही बाप्पा. पटियालाच्या एनआयएसमध्ये (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्ट्स) कोचिंगचा डिप्लोमा असतो, सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्सही असतो, ते होईल नंतर. आधी पुढच्या मॅचला बेंचवर वही घेऊन बस. समोरचा मिडल ब्लॉकर, म्हणजे नेटपाशी मधे उभा राहून स्मॅश अडवणारा, कुणीकडं आधी झुकतो, सर्व्हिसचा रिसीव्ह खराब आला की तुमचा सेटर दर वेळी चार नंबरलाच (नेटपाशी डावीकडं) काहून बॉल देतो, लिहून काढ. मी नाही लिहिलं, मी नुसत्या पाण्याच्या बाटल्या भरल्या. वही सरांना दाखव, पण हरल्याच्या संध्याकाळी नको, दुसऱ्या दिवशी तर्री-पोहे खाताना.