बडोद्यात आयटीआय इलेक्ट्रिशियन झालोय, सोलरला जाऊ की ट्रान्सफॉर्मर कंपनीत?

मी तर म्हणेन आधी ट्रान्सफॉर्मर, सोलर नंतर. २०२४ ला पीएम सूर्यघर ही छतावरच्या सोलरची सरकारी योजना आल्यापासून छतावर पॅनल लावणारी पोरं गल्लोगल्ली झालीत, पण त्यातली बरीचशी स्ट्रक्चर उचलणं आणि नटबोल्ट आवळणं एवढंच करतात आणि मग पगार तिथंच अडकतो. त्यापेक्षा मकरपुरा, सावली साइडला ट्रान्सफॉर्मर-स्विचगिअरच्या (ब्रेकर, स्विच वगैरे) कंपन्यांत अप्रेंटिसशिप बघ, आणि टेस्टिंगला घेतलं तर सोडूच नकोस. मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर), टर्न्स रेशो (दोन्ही वाइंडिंगच्या वेढ्यांचं प्रमाण), वाइंडिंग रेझिस्टन्स, या टेस्टची रीडिंग बघून गडबड कुठंय हे कळायला लागलं की सबस्टेशन, विंड, सोलर प्लांट सगळीकडे चालतं ते.

सोलरलाच जायचं असेल तर मात्र डीसी नीट शिक, पॅनलमधून तोच करंट येतो. आपला एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून आर्क (कनेक्शन तोडताना उडणारा जाळ) विझायला मदत होते, डीसीत तसं काही नाही, चालू लोडवर एमसी४ कनेक्टर (पॅनलच्या वायरी जोडणारा) ओढलास तर हातातच जाळ. आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनलची लाइन तोडणारा स्विच), मग डीसी क्लॅम्प मीटरवर करंट शून्य आलाय का बघ, आणि तरीही ऊन असेपर्यंत स्ट्रिंगला (एकामागे एक जोडलेल्या पॅनलच्या ओळीला) व्होल्टेज असतंच, हे विसरणारे लई भेटतात.

वायरमनचं लायसन्स काढून ठेव, पुढे सुपरवायझरचं. आणि दोन वर्षांचा आयटीआय असेल तर डिप्लोमाला डायरेक्ट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, घरचे लग्नाचं काढायच्या आत उरकून टाक ते.