प्रोसिडिंगची वही कुणाच्या घरी आहे?

दोन अंकांमागे धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावच्या त्रिविक्रमाच्या विटांच्या देवळावर लिहिलं होतं, त्याच्या शेवटी मी सहज एक ओळ टाकली की पुरातत्त्वाच्या संस्था-संघटना कशा चालवायच्या याबद्दल काही अडलं असेल तर लिहा, मी स्वतः बरीच वर्षं एका इतिहास मंडळाची सचिव होते. वाटलं दोनचार पत्रं येतील. पिशवीभर आली. आणि गंमत बघा, त्यात नाणी, खापरं, शिलालेख यांवर एकही प्रश्न नाही, सगळी भांडणं! पाच घेतलीत. नावं काढून टाकलीत, कारण या क्षेत्रात सगळे सगळ्यांना ओळखतात.

ताई, आम्ही कॉलेजातले शिक्षक, पीएचडीची पोरं, दोन निवृत्त तलाठी आणि एक किराणा दुकानदार असे २६ जण मिळून पुरातत्त्व अभ्यासकांची संघटना काढतोय. पाच महिने झाले, सभासद कुणाला करायचं यावरच गाडी अडलीय. डिग्रीवाले म्हणतात फक्त एम.ए. पुरातत्त्व. बाकीचे म्हणतात मग आम्ही काय नुसत्या सतरंज्या उचलायच्या का. परवा चहा घेऊन आलेलं पोरगं म्हणालं, "नुसतेच भांडूलालेत." — एक प्राध्यापक, लातूर

पोरगं खरं बोललं, सर. पण भांडण आत्ता होतंय ते बरंय, नोंदणीनंतर झालं असतं तर वकील लागला असता.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. डॉक्टरला मेडिकल कौन्सिल असतं, वकिलाला बार कौन्सिल असतं, तसं आपल्याकडं पुरातत्त्ववाल्याला लायसन्स देणारं काही नाही. म्हणजे तुमच्या संघटनेचं कार्ड खिशात असलं म्हणून कुणी उत्खनन करू शकत नाही, ती परवानगी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडूनच घ्यावी लागते आणि बहुतेक ती विद्यापीठं, राज्याचं पुरातत्त्व खातं अशांनाच मिळते. मग तुमची संघटना कशासाठी, हे आधी एका पानावर लिहा. गावोगावच्या वीरगळांची नोंद करायची, मंदिर पाडून नवं बांधायला निघालेल्या गावकऱ्यांशी बोलायचं, पोरांना फील्डवर न्यायचं, हे असेल तर किराणा दुकानदार तुम्हाला प्राध्यापकापेक्षा जास्त लागणार, कारण कुठल्या शेताच्या बांधाला कुठला दगड टेकवलाय ते त्याला माहितीय. तेरचंच बघा की, तिथलं सरकारी म्युझियम आहे त्याला रामलिंगप्पा लामतुरे यांचं नाव आहे, गावातल्या माणसानं जमवलेल्या वस्तूंवर ते उभं राहिलं, कुण्या पदवीधरांच्या संघटनेवर नाही.

आता डिग्रीवाल्यांची बाजू. ती पण खोटी नाही. उद्या कुणीतरी संघटनेच्या लेटरहेडवर "ही मूर्ती दोन हजार वर्षं जुनी" असं लिहून पेपरला देणार आणि हसं सगळ्यांचं होणार. इंग्लंडमध्ये १९८२ साली फील्डवर काम करणाऱ्यांनी एक संस्था काढली, तिला २०१४ ला राणीची सनद मिळून ती चार्टर्ड इन्स्टिट्यूट झाली, तिथं माणसाचं प्रत्यक्ष काम तपासून श्रेणी देतात, श्रेणी तीन आहेत, आणि विद्यार्थी नि बाकीच्यांना वेगळा दरवाजा आहे. मला ते पटतं. तुम्ही असं करा, मतदानाचा हक्क सगळ्या सभासदांना द्या पण संघटनेच्या नावानं अभिप्राय द्यायचा, म्हणजे एखाद्या वस्तूचा काळ सांगायचा, अहवाल पास करायचा, हे एका तज्ज्ञ समितीकडं ठेवा आणि त्या समितीत बसायला काय लागतं ते नियमावलीत लिहा. एम.ए. लिहू नका. "प्रसिद्ध झालेले दोन अहवाल किंवा एका उत्खननाचा पूर्ण सीझन" असं काहीतरी लिहा. एम.ए. झालेले पण एकदाही ट्रेंचमध्ये, म्हणजे उत्खननाच्या खड्ड्यात, न उतरलेले मी पायलीला पन्नास बघितलेत.

नोंदणीला सात जण पुरतात, सोसायट्यांच्या नोंदणीचा कायदा १८६० चा आहे. महाराष्ट्रात तीच संस्था सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणूनही धर्मादाय कार्यालयात नोंदते, मग एफ नंबर, म्हणजे त्या नोंदणीचा क्रमांक मिळतो. आणि हात जोडून सांगते, नियमावली झेरॉक्सवाल्याकडची तयार घेऊ नका! एका मंडळाची घटना माझ्याकडं तपासायला आली होती, उद्देश क्रमांक चार होता "डी.एड. कॉलेज व वसतिगृह चालविणे". लेणी बघायला निघालेली माणसं ती. शिक्षण संस्थेची घटना उचलून नाव तेवढं बदललं होतं. आता ते उद्देश बदलायचे म्हणजे त्या १८६० च्या कायद्याचं कलम १२, दहा दिवस आधी प्रत्येक सभासदाला प्रस्ताव पाठवा, खास सभा घ्या, तीन पंचमांश मतं मिळवा, महिनाभर थांबा, परत दुसरी सभा, परत तीन पंचमांश. तेवढ्यात एक लेणं बघून होतं.

आमच्या मंडळाचे अध्यक्ष १४ वर्षं झाली तेच आहेत. माणूस चांगला आहे पण निवडणूक म्हटली की म्हणतात "आपल्यात कशाला मतदान". नवीन पोरं नाराज आहेत. काय करावं? — एक वाचक, परभणी

चांगला माणूस हाच तर प्रॉब्लेम असतो भाऊ, वाईट असता तर कधीच काढला असता.

माझंच सांगते. आमच्या मंडळातही "आपल्यात कशाला" होतं. दर वर्षी सभा व्हायची, शेव-चिवडा व्हायचा, टाळ्या वाजवून जुनीच कार्यकारिणी कायम. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम २२, हे मला माहीत होतं, पण बदलच होत नाही तर रिपोर्ट कसला असं सगळ्यांचं म्हणणं आणि मीही मान डोलावली, हे कबूल करते. मधे दोघं वारले, एक पुण्याला मुलाकडं गेले, त्यांच्या जागी आम्ही तोंडी दुसरे घेतले. मग खजिनदारही वारले. मी बँकेत सही बदलायला गेले तर मॅनेजर म्हणाला परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीचा उतारा आणा. उतारा काढला तर त्यावर अकरा वर्षांपूर्वीची माणसं, त्यातली तीन हयात नाहीत, आणि चेकवर सही चालणारा त्यातला एकच, तो पुण्यात. एका परिषदेचं मंडपाचं बिल आम्ही सात महिने थकवलं. मंडपवाल्यानं माझ्या दारात खुर्ची टाकून बसायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

नंतर उशीर माफीचा अर्ज, जुन्या सभांच्या नोटिसा, हजेरीपट, मृत्यूचे दाखले, सगळं गोळा करत बसले. हजेरीपट होता, पण सभेत काय ठरलं ते लिहायची प्रोसिडिंगची वही? ती वारलेल्या खजिनदारांच्या माळ्यावर, त्यांच्या सुनेनं रद्दीत घालायच्या गठ्ठ्यातून काढून दिली. आता बघा, हीच आम्ही माणसं फील्डवर एक खापर निघालं तरी कुठल्या थरातून, किती खोलीवर, कुणी काढलं, तारीख काय ते पिशवीच्या चिठ्ठीवर लिहितो.

तर तुम्ही करायचं एवढंच. नियमावलीत एकाला सलग दोन टर्मपेक्षा जास्त अध्यक्षपद नाही असं घाला, आणि सध्याच्या अध्यक्षांना सल्लागार करा, नीट शाल-श्रीफळ देऊन, त्यांचा अपमान होणार नाही असं. ते ऐकतच नसतील तर धर्मादाय आयुक्तांकडं त्याच विश्वस्त कायद्याच्या कलम ४१-अ खाली निर्देश मागता येतात, पण ते शेवटी. एकदा माणूस चॅरिटीची पायरी चढला की घरचे संबंध संपतात.

आणि निवडणूक घ्याल तेव्हा वर्गणीची कट-ऑफ तारीख आधी ठरवा. तीन महिन्यांहून जास्त वर्गणी थकली तर कायद्यानं मत नाही, मोजणीतही धरत नाहीत. पण आदल्या रात्री कुणीतरी एकजण चाळीस जणांची वर्गणी एकदम भरून पावत्या घेऊन येतो, हे मी डोळ्यानं बघितलंय, पावत्यांवर शाई ओली होती.

अध्यक्षांच्या घरी संघटनेच्या नावानं दोन मूर्ती, एक पोतं खापरं आणि डब्यात काही तांब्याची नाणी आहेत. शेतकऱ्यांनी विश्वासानं आणून दिलेली. म्युझियम झालं की ठेवू म्हणतात. हे बरोबर आहे का? — एक विद्यार्थिनी, जालना

नाही बाळा, अजिबात नाही. त्यांचा हेतू कितीही सरळ असला तरी.

जमिनीत पुरलेलं काही सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांच्या वर असेल तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, हा कायदा १८७८ चा आहे आणि अजून चालू आहे, दहा रुपये तेव्हाचे तेच आजही. दगडाच्या, धातूच्या जुन्या मूर्तींची १९७२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी अधिकाऱ्याकडं नोंद लागते, शंभर वर्षांपेक्षा जुनी असली की ती पुरावस्तू. उद्या अध्यक्षांच्या घरी चोरी झाली तर पोलीस पहिला प्रश्न काय विचारतील ते तूच विचार कर.

पण मला कायद्यापेक्षा दुसऱ्या गोष्टीचं वाईट वाटतं. पोत्यातली खापरं. भोकरदन तुझ्या जिल्ह्यातलंच, जुनं भोगवर्धन, तिथं १९७० च्या दशकात नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून उत्खनन केलं आणि हस्तिदंताची एक बाई निघाली, इटलीत पॉम्पेईला सापडलेल्या बाईशी तिचं इतकं साम्य की रोमच्या व्यापाराबद्दल बोलताना आजही ती काढतात. ती बाई कुणी पोत्यात घालून आणून दिली असती तर ती नुसती एक छान बाहुली राहिली असती. कुठल्या थरात, सोबत काय, हे माहीत नाही तर वस्तू मुकी.

तेव्हा संघटनेनं वस्तू घ्यायचीच नाही असा ठराव करा. शेतकरी घेऊन आला तर जागेवर जायचं, फोटो काढायचा, गट नंबर लिहायचा, शेतकऱ्याला पावती द्यायची नाही, उलट त्याच्यासोबत तहसीलला जायचं आणि संभाजीनगरच्या राज्य पुरातत्त्व कार्यालयाला पत्र टाकायचं. अध्यक्षांकडं जे आहे त्याची यादी दोन जणांसमोर करा, वजन नि फोटोसकट, मग सोपवा. अध्यक्षांना एकटीनं जाऊन सांगू नको, तुझ्या गाईडलाही सोबत घे.

एका सभासदानं दुसऱ्यानं केलेलं शिलालेखाचं वाचन स्वतःच्या नावानं छापलं. कार्यकारिणीनं त्याला त्याच मीटिंगमध्ये काढून टाकलं. तो आता कोर्टात जातो म्हणतोय. — एक सहसचिव, नांदेड

जाऊ द्या कोर्टात, जिंकेल तो. चोरी केली असली तरी जिंकेल.

ना नोटीस, ना म्हणणं ऐकलं, आणि माझ्या अंदाजानं ज्याचं वाचन चोरलं तोही त्या मीटिंगमध्ये बसून हात वर करत होता. होय ना? आपल्याच तक्रारीत आपणच पंच, हे गावच्या चावडीवरही चालत नाही. अमेरिकेत १९७६ ला व्यावसायिक पुरातत्त्ववाल्यांची एक सोसायटी निघाली, तिचंच १९९८ ला रजिस्टर झालं, तिथं नाव नोंदवताना माणूस आचारसंहितेवर सही करतो आणि तक्रार आली की ती बघायला वेगळा माणूस नेमलेला असतो, मग चौकशी, मग शिक्षा. शिक्षाही एकदम हकालपट्टी नसते. तुमच्याकडं आचारसंहिता आहे का? नसेल तर त्यानं मोडलं काय?

ठराव मागे घ्या. त्याला लेखी आरोप द्या, पंधरा दिवस द्या, तिघांची समिती नेमा, त्यातला एक बाहेरचा.

आणि पुढच्यासाठी एक वही करा. शिलालेखाचा कागदावर ठसा घेताना काय मेहनत असते ती तुम्हाला सांगायला नको, दगड ब्रशनं धुवायचा, खाचेतलं शेवाळ काढायचं, ओला कागद चिकटवून अक्षरांत बसेपर्यंत ठोकत राहायचं, थोडा वाळला की शाईचा बोळा हलक्या हातानं, आणि वारा सुटला की संपलं. ज्यानं उन्हात उभं राहून हे केलं त्याचं नाव, तारीख, कागद किती, सोबत कोण, हे त्याच दिवशी वहीत लिहून दोघांच्या सह्या घ्या. भांडण झालं तर वही उघडायची. वाचन दुसऱ्यानं केलं असेल तर दोघांची नावं. अर्थात ठसा घेण्याआधी ज्याच्या ताब्यात तो दगड आहे त्याची परवानगी, संरक्षित स्मारक असेल तर खात्याची, हे विसरू नका, नाहीतर वहीच तुमच्याविरुद्ध पुरावा.

आमच्या एका सभासदाचा मेहुणा अमेरिकेत आहे, तो परिषदेसाठी एक लाख द्यायला तयार आहे. खजिनदार म्हणतात घेऊन टाकू. — एक वाचक, बीड

घेऊन टाकू नका. मेहुण्याचा पासपोर्ट भारतीय असेल आणि पैसे स्वतःच्या कमाईचे असतील तर गोष्ट वेगळी. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती परदेशी देणगी, तिला एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा आधी परवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. खजिनदारांच्या खात्यात घेऊन मग काढू, असंही करू नका, मला माहितीय तुम्ही तेच ठरवलंय. इथल्या देणगीदारांकडून घ्या, चेकनं किंवा यूपीआयनं, कारण दोन हजारांच्या वर रोख दिली तर त्यांना देणगीवरची आयकराची सूट, ८०-जी म्हणतात ती, मिळत नाही, अर्थात तुमच्या संस्थेला त्या सवलतीची मान्यता असेल तर. आणि मेहुण्याला म्हणावं, भारतात आलास की परिषदेला ये, जेवण आमच्याकडं.