प्रस्ताव लिहिण्याआधी पाणवठ्यावर जा

तू संस्थेत नवीन आहेस, म्हणून आधीच सांगतो. परदेशी निधीमागे देणाऱ्याचंही राजकारण असतं. मलेशियातल्या पेरगाव धरणाला ब्रिटनने २३.४ कोटी पौंड दिले. त्यांच्याच अधिकाऱ्यांचा विरोध होता, पण मागे शस्त्रविक्रीचा व्यवहार होता. १९९४ साली लंडनच्या उच्च न्यायालयाने ती मदत बेकायदा ठरवली.

नियोजनाची चूक मात्र आपल्याही हातून होते. वेल्ह्याकडच्या एका वाडीत आम्ही शौचालयं बांधली आणि पाणी कोण, कुठून आणणार हे एकाही बाईला विचारलं नाही. उन्हाळ्यात गेलो तर आत सरपण रचलेलं. फार वाईट वाटलं. उद्घाटनाची तारीख आधी ठरली होती ना, मग पाहणी कसली होणार!

अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये मदत गोठवली आणि अनेक देशांत चालू कामं अर्ध्यावर थांबली. म्हणून आरोग्यसेविकांचं मानधन एकाच देणगीदारावर टाकू नकोस. शिवाय परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधीतला प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपुढे चालत नाही, तो हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळा ठेव.

अर्जाची मुदत महिनाअखेर आहे. त्याआधी गावातला पाणवठा पाहायला दोन दिवस काढ, स्वारगेटहून सकाळची एसटी पकडू.