घोडबंदरवरून रोज बस? सुरुवातीला एवढंच सांभाळ

कंबर धरली म्हणून पहिल्याच आठवड्यात बस सोडू नकोस रे, मी कासारवडवलीवरून ठाणे स्टेशनला कितीतरी वर्षं बसनेच जातोय आणि नवीन माणूस हमखास एकच चूक करतो, रिकामा दिसला की थेट शेवटचा बाक पकडतो. तो बाक मागच्या चाकांच्याही मागे असतो, त्यामुळे स्पीडब्रेकरवर सगळ्यात मोठा दणका तिथेच, पार सीटवरून उडायला होतं. पुढच्या-मागच्या चाकांच्या मधली सीट बघ.

उभं राहावं लागलं तर:
- पाय जोडून नको, एक पुढे एक मागे.
- जमेल तिथे उभा खांब धर.
- मळमळत असेल तर मोबाईल खिशात, नजर बाहेर लांब.

इलेक्ट्रिक बसला गिअरचे हिसके नसतात, पण ड्रायव्हरचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर जोरात पडला तर ती झटकन उचलते, आणि पाय काढला की मोटरच वेग कमी करते, त्याची सवय होईपर्यंत डोलायला होतं. ड्रायव्हरवर फार असतं बघ. परवा एकाने कापूरबावडीचा सिग्नल लांबूनच बघून बस इतकी अलगद थांबवली की बाजूच्या आजींची भाजीची पिशवी जागची हलली नाही, उतरताना मी मुद्दाम ड्रायव्हरला तसं सांगून आलो.

आणि सॅटिसवर, म्हणजे ठाणे स्टेशनबाहेरच्या बसच्या उंच पुलावर, बस चढत असतानाच दाराकडे धावायचं नाही, पूर्ण थांबू दे.