अन्ननलिका अरुंद झाली आहे, पण बायोप्सी दोनदा निगेटिव्ह. म्हणजे कॅन्सर नाही ना?

तुम्ही लिहिलंय की आईंचा स्तनाचा कर्करोग 9 वर्षांपूर्वी बरा झाला. आता पोळीचा घास छातीत अडकतो, दुर्बिणीत अन्ननलिका मध्यावर अरुंद दिसली, पण तुकड्यात दोन्ही वेळा काही निघालं नाही.

एवढ्यावरून कॅन्सर नाही असं धरून चालू नका. मी पोटविकारतज्ज्ञ आहे, एंडोस्कोपी माझं रोजचं काम आहे. अन्ननलिकेचा स्वतःचा कर्करोग आतल्या अस्तरात सुरू होतो, त्यामुळे व्रण किंवा गाठ डोळ्यांना दिसते आणि तुकड्यात बहुधा सापडते. दुसरीकडून पसरलेला रोग मात्र बाहेरून आत येतो. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी छातीच्या मधोमध असलेल्या लसिकाग्रंथींत बसतात आणि तिथून अन्ननलिकेच्या स्नायूंत शिरतात. दुर्बिणीतून गुलाबी, गुळगुळीत, निरोगी अस्तर दिसतं, फक्त नळी पुढे सरकत नाही. चिमट्यात येतो तो अस्तराचा दोन-तीन मिलिमीटरचा कण. रंगाचा पापुद्रा काढून भिंतीतल्या विटा तपासल्यासारखंच ते.

म्हणून आता दोन गोष्टी हव्यात: छातीचा कॉन्ट्रास्ट देऊन केलेला सीटी स्कॅन आणि एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड, म्हणजे ईयूएस. ईयूएसमध्ये अन्ननलिकेची भिंत उजळ-काळ्या पट्ट्यांसारखी दिसते. स्नायूंचा काळा पट्टा जाड झालेला असेल किंवा शेजारी गाठी असतील, तर त्याच वेळी सुईने आतला नमुना घेता येतो. नळी फारच अरुंद असेल तर ईयूएसची दुर्बीण पुढे जात नाही. तेव्हा बारीक दुर्बीण किंवा दुसरी वाट शोधावी लागते.

नऊ वर्षं उलटली, आता कसला धोका, असं घरच्यांना वाटणं साहजिक आहे. पण हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे स्त्री-हार्मोनच्या जोरावर वाढणारा स्तनाचा कर्करोग वीस वर्षांनीही परतू शकतो. आईंच्या जुन्या ऑपरेशनचा पॅथॉलॉजी रिपोर्ट शोधा आणि जमल्यास त्या रुग्णालयातून पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेला तेव्हाचा तुकडाही मागवा. नव्या नमुन्यावर ईआर, पीआर (हे हार्मोन रिसेप्टर) आणि हर-2 (पेशींवरचं एक प्रथिन) तपासून जुन्याशी ताडून पाहिलं की मूळ कुठलं ते कळायला मदत होते. यावर पुढचं सगळं ठरतं: हा स्तनाचाच रोग असेल तर अन्ननलिका काढण्याचं मोठं ऑपरेशन सहसा करत नाहीत, औषधांवर भर असतो आणि हार्मोनच्या गोळ्यांनी घास पुन्हा उतरू लागलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

कॅन्सर सोडून दुसरी कारणंही असतात. छातीला रेडिएशन दिलं होतं का, तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यानेही अन्ननलिका आकसते. आम्लपित्ताने अरुंद होते ती बहुधा खालच्या टोकाशी.

निदानाआधी कुणी फुग्याने रुंद करून देतो म्हणालं, तर आधी सीटी पाहूया म्हणा. अशा कडक भिंतीला ताण दिला की ती फाटण्याची भीती जास्त. तोवर पातळ, पौष्टिक आहार द्या आणि वजन लिहून ठेवा. पाणी किंवा लाळही उतरेनाशी झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, अपॉइंटमेंटची वाट बघू नका.