हॅरी पॉटरमधला पीटर पेटिग्रू (वर्मटेल) शेवटी मरतो का? पिक्चरमध्ये नीट कळलंच नाही

हो मरतो, आणि तेही स्वतःच्याच चांदीच्या हाताने गळा दाबला जाऊन, पण हे फक्त पुस्तकात आहे. सातव्या भागात (2007) मालफॉयच्या (हॅरीचा शाळेतला वैरी) घराच्या तळघरात तो हॅरीचा गळा धरतो, तेव्हा हॅरी त्याला आठवण करून देतो की बाबा तुझा जीव मी वाचवला होता (तिसऱ्या भागात हॅरीच्या वडिलांचे मित्र सिरियस आणि ल्युपिन त्याला मारायला निघालेले तेव्हा), त्यावर त्याची पकड क्षणभर सैल पडते आणि तेवढंच त्याला नडतं. हा हात चौथ्या भागात त्याचा मालक, म्हणजे गोष्टीतला खलनायक व्होल्डेमॉर्टने दिलेला, त्यामुळे मालकाशी एवढीशी बेइमानीही त्याला चालत नाही, तो उलटून पीटरच्याच गळ्याला लागतो, हॅरी आणि रॉन दोघं ओढूनही सुटत नाही. जन्मभर भित्रेपणाने दगाबाजी केलेला माणूस दया दाखवताना मरतो, हे मला तरी जबरदस्त वाटलं. 2010 च्या पिक्चरमध्ये मात्र डॉबी (हॅरीला मदत करणारा एल्फ) त्याला जादूने आडवा करतो आणि विषय तिथेच संपतो, म्हणून फक्त पिक्चर बघितलेल्यांचा गोंधळ होणारच.